सापडलेल्या कुत्र्याची हजामत

त्याच्या दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसती कात्री आणि कंगवा काढलेला होता. गल्लीत सगळे त्याला लगेचराव म्हणायचे. कोणी दारातून डोकं आत घालून "किती वेळ लागेल?" असं विचारलं, की बाकावर चार जण ताटकळत बसलेले असले तरी उत्तर ठरलेलं, "लगेच!" आणि हे तो थाप मारायची म्हणून बोलत नसे. जगातली कुठलीही गोष्ट लगेच होते, माणसंच उगीच घोळ घालतात, अशी त्याची पक्की समजूत होती. वयाची बावन्न वर्षं उलटली तरी ती समजूत काही ढिली झालेली नव्हती.

हात मात्र सोन्याचा. त्याच्या वस्तऱ्याने कोणाला ओरखडा उठल्याचं ऐकिवात नव्हतं. बोलणंही तसंच, अखंड. एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की तो माणूस तावडीत सापडला, आणि गालाला साबण लागला की त्याची हो-नाही म्हणायचीही सोय राहत नाही. लगेचरावाला अशी गिऱ्हाइकं फार प्रिय होती.

पंचाईत व्हायची ती घरी. बायको मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसायची. नाव काय, वय काय, कधीपासून दुखतंय, हे दिवसभरात तीनशे जणांना विचारून ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिचे कान मिटलेले असायचे. "आता अर्धा तास माझ्याशी कोणी बोलू नका," असं ती चपला काढता काढता म्हणायची. कोणी म्हणजे कोण? घरात माणसं दोन. मुलगा नोकरीसाठी लांब गेलेला. तो अर्धा तास लांबत लांबत झोपायच्या वेळेपर्यंत पोचायचा, आणि लगेचराव दिवसभराचे साठवलेले किस्से तसेच पोटात घेऊन कूस बदलायचा.

तर एका बुधवारी सकाळी हा शटर उघडायला आला. दुकानासमोर पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणून ठेवला होता, छातीएवढा खोल चर आणि तळाला गुडघाभर चिखल. त्या चिखलातून कोणीतरी कण्हत होतं. लगेचरावाने वाकून पाहिलं, तर चिखलाचाच एक गोळा आणि त्याला दोन डोळे.

दुसरा कोणी असता तर आधी शिडी शोधली असती. याने चपला काढल्या आणि उडी मारली! गोळा उचलला, वर ठेवला, आणि मग स्वतः वर कसं यायचं हे त्याच्या लक्षात आलं. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, त्याने हात दिला, आणि दोघं मिळून तो गोळा दुकानात घेऊन आले.

"कुत्रा आहे रे," झेरॉक्सवाला म्हणाला.

"मग मी काय मांजर म्हणालो?" लगेचरावाच्या अंगात आता वारं शिरलं होतं. "बिचाऱ्याची काय दशा झालीय बघ! गुंता, चिखल, वर आणि डांबर. थांब, लगेच करतो."

इथेच सगळं बिनसलं. पण लगेचरावाला दोष तरी किती द्यायचा? तीस वर्षं ज्याच्यासमोर वाढलेलं डोकं आलं की हात आपोआप मशीनकडे जातो, त्याच्यासमोर त्या दिवशी आख्खा कुत्राच वाढलेला आला होता. पाणी घालून बघितलं, तर गुंत्यात पाणीच शिरेना. तेव्हा त्याने कुत्र्याला खुर्चीवर लाकडी पाट टाकून बसवलं, गळ्याला पांढरं कापड बांधलं, आणि आधी मशीन, मग आंघोळ, असा हुकूम सोडला. चिखलाने थापलेले केस पत्र्यासारखे सुटून खाली पडायला लागले. मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून, नंबर दोनची मशीन अशी फिरली की बाकावर बसलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाने टाळी वाजवली. कुत्रा हूं की चूं न करता बसला होता. मान वळव म्हटलं की वळवत होता. साहेबी थाटात आरशात बघत होता. त्याचं नाव तिथेच पडलं, साहेब.

आंघोळ झाल्यावर निघाला तो उशीच्या खोळीतून उशी काढून घ्यावी तसा अर्धाच उरलेला प्राणी, फिकट गुलाबी कातडीवर राखी ठिपके, बारीक शेपूट आणि भले मोठे कान. उजव्या कानाला आतल्या बाजूने एक जुनी खाच होती. खालचा चिखल आणि केस लगेचरावाने पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकले. मग साहेबाचा खुर्चीतच एक झकास फोटो काढला.

दुपारी बायकोला फोन करून त्याने ही बातमी दिली. ती खिडकीवरच होती, तरी तिने चक्क पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "अहो, कापायच्या आधीचा फोटो काढलात का?"

"आधीचा कशाला? आपण काय आधीचा फोटो भिंतीवर लावतो का?"

बायको कपाळाला हात लावून बसली असणार, हे लगेचरावाला न दिसताही कळलं.

"बरं, आता नीट ऐका," ती म्हणाली. "त्याचं घर कुठेतरी आहे. तिथे कोणीतरी रडतंय. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, कातडीखाली चिप असते कधीकधी, ती बघायला सांगा. नगरपालिकेत कळवा. सापडल्याचा कागद छापून सगळीकडे लावा. आणि कोणाचा फोन आला तर आपण होऊन काही सांगायचं नाही. त्यांनाच खूण विचारायची. ती कानाची खाच कागदावर लिहू नका, ती आपल्यापाशी ठेवा. जो खाच सांगेल त्याचा कुत्रा. कळलं? आधी खूण, बाकी सगळं नंतर."

"लगेच!" लगेचराव म्हणाला.

आणि खरंच, त्या दिवशी त्याच्या पायाला भिंगरी लागली. जनावरांच्या डॉक्टरने यंत्र फिरवून बघितलं, चिप नव्हती. पण कुत्रा सात-आठ वर्षांचा, धडधाकट आणि चांगला सांभाळलेला आहे असं सांगितलं. नगरपालिकेत तीन टेबलं फिरून झाली. चौथ्या टेबलावरच्या बाईंनी साहेबाचे कान कुरवाळले आणि वहीत नोंद करून घेतली. झेरॉक्सवाल्याने शंभर कागद काढून दिले. वर ठळक अक्षरांत 'कुत्रा सापडला आहे', मध्ये खुर्चीतला फोटो, खाली दुकानाचा नंबर. लगेचराव खळीची बादली घेऊन निघाला तो खांब, भिंती, बसथांबे, औषधांची दुकानं, शाळेचं फाटक, काही म्हणजे काही सोडलं नाही. एका उभ्या ट्रकवरही कागद लावला, आणि तो ट्रक थोड्या वेळाने कागदासकट निघून गेला. साहेब दोरीला बांधलेला, मागून दुडक्या चालीने येत होता. लोक थांबून विचारत होते, हा सांगत होता, चरातली उडी दर खेपेला हातभर खोल होत होती. इतका आनंदात तो बऱ्याच दिवसांत नव्हता.

संध्याकाळी बायको घरी आली. चपला काढता काढता तिने साहेबाकडे बघितलं, त्याने तिच्याकडे बघितलं, आणि ती 'कोणी बोलू नका' म्हणायचं विसरली. "हा बसलाय बघा कसा, नंबर यायची वाट बघत असल्यासारखा," असं म्हणून ती चक्क हसली. जेवताना लगेचरावाने एक किस्सा सुरू केला. बायकोने तो ऐकला की नाही, कोण जाणे. पण साहेब समोर बसून, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करून, शेवटपर्यंत ऐकत राहिला. मध्येच उठला नाही, जांभई दिली नाही. किस्सा संपल्यावर दुसरा सांग म्हणून पुढचा पाय उचलून लगेचरावाच्या गुडघ्यावर ठेवला. आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं या घरात पूर्वी कोणी होतं का, हे आठवायचा लगेचरावाने प्रयत्न केला. काही आठवेना.

गुरुवारी सकाळपासून फोन सुरू झाले. एकाने विचारलं, कुत्रा फुकट मिळेल का? एकाचा तर हरवला होता पोपट, पण कागदावरचा नंबर दिसला म्हणून त्याने लावून बघितला. एक जण म्हणाला, "हो हो, आमचाच आहे," आणि खूण विचारल्यावर म्हणाला, "चार पाय." लगेचराव प्रत्येकाला बायकोच्याच आवाजात खूण विचारत होता, आणि एकेकाला वाटेला लावताना त्याची छाती फुगत होती.

मग दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"कुत्रा सापडलाय असं वाचलं. तुमच्या कागदावरचा तर आमचा दिसत नाही, पण म्हटलं विचारून बघावं. आमचा पांढरा शुभ्र आहे हो. लांब केस, अगदी जमिनीला टेकणारे. डोळेसुद्धा दिसत नाहीत. मंगळवारी सामान बांधायला माणसं आली, फाटक उघडं राहिलं, आणि गेला. तुमच्याकडच्याचे केस लांब आहेत का?"

लगेचरावाने खुर्चीखाली झोपलेल्या साहेबाकडे बघितलं.

"नाही हो मावशी," तो म्हणाला. "याचे अगदी बारीक आहेत. आणि अंगावर ठिपके आहेत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबाचे केस बारीकच होते. नंबर दोनची मशीन फिरल्यावर दुसरे कसे असणार?

"मग तो नाही," बाई म्हणाल्या. "मी रविवारी दुपारी दोनला हे घर सोडून मुलाकडे चाललेय. ट्रक ठरलाय. त्याच्या आत कुठे दिसला तर सांगाल ना? उंच टाकीच्या मागची गल्ली, निळं फाटक. हा नंबर घरचा आहे."

"लगेच सांगतो, मावशी," लगेचराव म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बाईंसाठी त्याला खरंच वाईट वाटलं. पण खूण विचारायची राहिली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा असं म्हणू या, की लक्षात यायला तो तिथे थांबलाच नाही. पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर त्याने इतका पाण्याचा फवारा मारला, की त्या माणसाला नाक पुसावं लागलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कोणाचा फोन?"

"एक पोपटवाला आणि एक चार पायवाला," तो म्हणाला. बायको पोट धरून हसली. बाईंच्या फोनचं त्याने काही सांगितलं नाही. चुकीचा फोन तो, त्याचं काय सांगायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण रात्रभर आपण कशामुळे जागे आहोत, हे मात्र त्याला समजावता येईना.

शुक्रवार आणि शनिवार असे काही गेले की घराचं रूपच पालटलं. बायको कामावरून येताना साहेबासाठी चेंडू घेऊन आली. मुलाला फोन लावून तिने साहेबाचं भुंकणं ऐकवलं, आणि दीड मिनिटात फोन ठेवणारा तो मुलगा अर्धा तास बोलत राहिला. शनिवारी जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, सांगा ना तो चरात उडी मारल्याचा किस्सा. मी नीट ऐकलाच नाही." लगेचरावाने तो सांगितला, हातवारे करकरून सांगितला, आणि दोघं पोरांसारखी खिदळली. कोणी खूण सांगणारा भेटला नाही तर साहेब आपलाच, असं ठरून गेल्यासारखं झालं. ते मोठ्याने कोणी म्हणालं नाही, इतकंच.

रविवारी दुकानात ही गर्दी! पाऊण वाजायच्या सुमाराला एक सुतार आला, बरोबर बायको आणि दोन-अडीच वर्षांची मुलगी. नव्या कारखान्यात दाढी चालत नाही म्हणून सहा वर्षं वाढवलेली छातीपर्यंतची दाढी काढायची होती. लगेचराव खुलला. आधी कात्री, मग मशीन, मग साबण आणि वस्तरा. बघता बघता दाढीखालून एक कोवळा, बावळट चेहरा बाहेर आला. सुतार खुर्चीतून उठला आणि हात पसरून लेकीकडे गेला.

मुलीने किंकाळी फोडली. आईच्या मानेला मिठी मारली आणि रडून रडून दुकान डोक्यावर घेतलं. "हा नाही! माझे बाबा पाहिजेत! हा नाही!"

"अगं वेडे, बाबाच आहेत ते," आई हसत म्हणाली. "फक्त केस गेलेत!"

लगेचरावाच्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

खाली फरशीवर सुताराची दाढी पडली होती, आणि तिच्याकडे बघताना त्याला बुधवारची फरशी दिसत होती. चिखलाच्या पापुद्र्यांना चिकटलेले वीत-वीत लांब केस. ते पांढरे होते की काळे, हे बघायचीही त्याने तसदी घेतली नव्हती. गुरुवारी फोनवर बाईंना उत्तर देताना हेच केस आपल्याला आठवले नाहीत? तीस वर्षं केसातच हात असलेल्या माणसाला?

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने बाईंच्या घरचा नंबर लावला. ही सेवा बंद करण्यात आली आहे, असं पलीकडून एक गोड आवाज म्हणाला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण लगेचरावाने पुढे ती कोणापासून लपवली नाही. त्याच्या मनात आलं, पन्नास मिनिटं. फक्त पन्नास मिनिटं काही केलं नाही, की ट्रक जाईल. वाईट असं काहीच करायचं नाही. कोणाला फसवायचं नाही, खोटं बोलायचं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायचं, बस्स. साहेब खुर्चीखाली चेंडू पायात धरून झोपला होता.

"बसा," लगेचराव म्हणाला.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे वीस वर्षं नेमाने येणारे निवृत्त पोस्टमन. ते बसले. त्याने कापड बांधलं, गाल ओले केले, साबणाचा फेस केला, एका गालाला लावला, दुसऱ्या गालाला लावला. एक-पंचवीस झाले. तो वस्तरा उचलणार, तेवढ्यात फेसाने माखलेले पोस्टमन आरशात बघून म्हणाले, "काय रे, बरं नाही का तुला? दहा मिनिटं झाली, तू एक शब्द बोलला नाहीस."

लगेचरावाने आरशात बघितलं. तिथे एक गप्प माणूस उभा होता, आणि तो त्याला अजिबात आवडला नाही.

"मी आलो," तो म्हणाला. "काका, बसून राहा. नाहीतर तोंड धुऊन घरी जा. मला एक कुत्रा परत करायचाय!"

चेंडू खिशात कोंबून साहेबाला त्याने काखोटीला मारलं. शेजारी जाऊन झेरॉक्सवाल्याला ओरडून सांगितलं, "स्कूटर काढ! टाकीच्या मागे! जीवन-मरणाचा प्रश्न आहे!" झेरॉक्सवाला हातातले कागद तसेच टाकून बाहेर आला. आणि मग सुटली ती स्कूटर! खणलेल्या रस्त्याच्या कडेने, भाजीच्या हातगाड्यांमधून. "सरका! सरका!" असं लगेचराव मागून ओरडत होता, आणि साहेब त्याच्या वरताण भुंकत होता. एका वळणावर चेंडू लगेचरावाच्या खिशातून उडाला आणि गटारात गेला. थांबायला वेळ नव्हता. टाकी घरांच्या वरून दिसायला लागली, मोठी मोठी होत गेली, आणि टाकीपासून दोन चौकांवर स्कूटर फट् फट् करून बंद पडली.

"पेट्रोल!" झेरॉक्सवाला रडवेल्या आवाजात म्हणाला.

एक-पन्नास. लगेचराव पळायला लागला. बावन्न वर्षांचा, दिवसभर उभं राहून गुडघे धरलेला, पायात चपला, अंगात केसांनी भरलेला एप्रन. पळताना त्याच्या मनात एकच होतं, ट्रक गेलेला नसू दे. मध्येच दुसरंही आलं, गेलेला असला तर? तो आणखी जोरात पळायला लागला, कारण त्या दुसऱ्या विचाराची त्याला भीती वाटली. दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेवढ्यात साहेबाने कान टवकारले. हातातून सुटायला धडपडायला लागला. वाट त्याच्या ओळखीची होती!

निळ्या फाटकासमोर ट्रक उभा होता. सामान भरून झालं होतं, चाळिशीचा मुलगा दोरखंडाची शेवटची गाठ मारत होता. रस्त्याच्या कडेला एका खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. घरातलं सगळं ट्रकमध्ये गेलं होतं, ही खुर्ची तेवढी राहिली होती, कारण त्या उठत नव्हत्या.

"आई, अगं दोन वाजले. किती वाट बघणार?"

"दोन वाजायला पाच मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या.

लगेचरावाने साहेबाला खाली सोडलं. तो तीरासारखा गेला आणि बाईंच्या पायांवर आदळला. त्यांनी दचकून पाय वर घेतले.

"हे कोणाचं ध्यान? हाड! अरे, हाड म्हणते ना!"

साहेब हटला नाही. तो रडत होता. कुत्रं इतक्या मोठ्याने रडतं, हे लगेचरावाला माहीत नव्हतं. त्याने बाईंची एक चप्पल तोंडात धरली, खुर्चीभोवती एक फेरी मारली, आणि चप्पल त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंचा वर गेलेला हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो हळूच त्याच्या उजव्या कानाखाली घातला, आणि बोट आतल्या खाचेवर गेलं.

"लबाडा," त्या म्हणाल्या. "अरे लबाडा, तू आहेस? अरे, तुझं हे काय झालं रे?"

मग काय विचारता! बाई हसत होत्या, रडत होत्या, मुलगा दोर सोडून धावत आला, ड्रायव्हरने उगीचच हॉर्न वाजवला, समोरच्या खिडक्यांतून लोक डोकावले. लगेचराव फाटकाला टेकून धापा टाकत होता आणि त्याचेही डोळे भरून वाहत होते. ते पुसायला त्याने एप्रन तोंडाला लावला, तर सुताराची दाढी डोळ्यांत गेली.

"हे केस कोणी कापले?" बाईंनी विचारलं.

"मी, मावशी. चिखलात सापडला. गुंता झाला होता."

बाईंनी चमकून वर बघितलं. आवाज त्यांनी ओळखला. "फोनवर तुम्हीच होतात. बारीक केस म्हणालात."

"हो."

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

लगेचरावाला सोपं उत्तर येत होतं. जिभेवर तयार होतं. बाई खूश होत्या, त्यांनी ते मानलंही असतं.

"कळलं असतं," तो म्हणाला. "मी कळू दिलं नाही. घरी फार छान चाललं होतं त्याच्यामुळे. आत्तासुद्धा पंधरा मिनिटं मी नुसता साबण लावत बसलो होतो. तुमचा ट्रक जायची वाट बघत."

मुलगा रागाने काहीतरी बोलायला गेला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "तू जा, ती गाठ बघ नीट," असं म्हणून त्याला ट्रककडे पाठवलं, आणि तो लांब जाईपर्यंत त्या गप्प बसल्या. साहेब त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता.

"पंधरा मिनिटं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा मला सहा वर्षांपूर्वी बसथांब्यावर सापडला. मुलाला सांगितलंय की कोणीतरी सोडून दिला होता. गळ्यात पट्टा होता याच्या. पट्ट्यावर फोन नंबर होता. घरी आणला, उद्या फोन करू म्हटलं. मग परवा करू म्हटलं. हे नुकतेच गेले होते तेव्हा, घर खायला उठायचं. पट्टा मी फेकून दिला."

लगेचराव त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसला.

"नंबर पाठ आहे मला अजून," बाई म्हणाल्या. "झोप लागत नाही तेव्हा येतो."

ट्रकचा हॉर्न पुन्हा वाजला. "आई, चल!" मुलाने हाक मारली. बाई उठल्या नाहीत. मांडीवरच्या उघड्या, ठिपकेदार पाठीवरून त्या हात फिरवत राहिल्या, एकदा, दोनदा, कितीतरी वेळ. मग त्यांनी लगेचरावापुढे हात पसरला.

"तुमचा फोन द्या."

त्याने दिला. त्यांनी एका बोटाने दहा आकडे दाबले, कुठे थांबल्या नाहीत, कुठे चुकल्या नाहीत. पलीकडे घंटा वाजायला लागली. एकदा, दोनदा, चारदा. उचलू नये असं त्यांना वाटत होतं, की उचलावं असं, ते लगेचरावाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि आपल्याला काय वाटतंय तेही कळेना. सहाव्या घंटेला कोणीतरी हॅलो म्हणालं.

बाईंनी दुसऱ्या हाताने साहेबाला जवळ ओढलं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे. फोन करायला मला उशीर झाला."